सिमरोलच्या बारा बरण्या

सिमरोलच्या प्रकरणाचे तीन वृत्तांत सध्या इंदुरात आमच्या छत्रीबागेत फिरत आहेत. पहिला मल्हारगंजातल्या औषधांच्या दुकानी ऐकू येतो. त्यानुसार माझ्या नातीने पाळलेल्या समुद्री प्राण्याने मला चावा घेतला. दुसरा समोरच्या घरचा: हे प्राणी अन्नपाण्यावाचून केवळ उजेडावर जगतात आणि त्यांच्या दर्शनाने माझा स्वभाव निवळला. तिसरा माझे साडू बाळासाहेब यांनी मंडळाच्या सभेत उभे राहून सांगितला: नातीची घरमालकीण प्रयोगात दूध ओतत होती आणि मी तिला रंगेहाथ पकडले. हा तिसरा वृत्तांत माझ्या बाजूचा आहे, त्याला टाळ्याही पडल्या. तोही खोटा आहे. पाचही दिवस तिथे असलेला माणूस मी एकटाच, म्हणून हे लिहीत आहे.

अष्टमी: छत्रीबाग ते सिमरोल

सिमरोल आमच्या घरापासून दीड तासावर. एवढ्याशा वाटेचे प्रवासवर्णन कसले, असे बाळासाहेब म्हणतील. त्यांनी केदारनाथचे वर्णन लिहिले होते, त्यात निम्मी पाने हॉटेलातल्या गरम पाण्याची होती.

माझी नात रेवा समुद्रातल्या जीवांवर संशोधन करते. इंदूरपासून समुद्र कुठल्याही दिशेने शेकडो मैल दूर. पण आता समुद्र पुडीत मिळतो. क्षारांची पुडी शुद्ध पाण्यात विरघळवली की झाला समुद्र. ती सिमरोल गावात एक खोली भाड्याने घेऊन राहते आणि रोज प्रयोगशाळेत जाते. तिचा मुख्य प्रयोग तिथे आणि पडताळ्यासाठी त्याचीच दुसरी प्रत खोलीवर: बारा बरण्या, प्रत्येकीत एक समुद्रफूल. सहा बरण्या दिव्याखाली, सहा काळ्या कापडाखाली, आणि कोणालाही खायला काही द्यायचे नाही. उजेडातले जगतील-वाढतील, अंधारातले हळूहळू आक्रसतील, असा अंदाज. प्रयोगशाळेत तसेच घडले. खोलीवर मात्र अंधारातले आक्रसेनात. वरून मधूनच पाणी गढूळ होई.

त्या आठवड्यात तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिला विचारले, "हे आकडे तू मोजलेस की बसवलेस?" दहा दिवसांत कारण सापडले नाही तर सहा महिन्यांचे काम रद्द; आणि त्याहून वाईट म्हणजे कपाळी शिक्का. रेवा फोनवर एवढेच म्हणाली, "आजोबा, मला झूठी समजतायत."

मी चाळीस वर्षे जमीनमोजणीत काढली. माझे आजोबा होळकरशाहीत दफ्तरदार होते. बांध कोणी सरकवला हे शोधणे आमच्या रक्तात आहे. भिंग, फूटपट्टी आणि दोन सदरे घेऊन मी निघालो. पत्नी सुमती म्हणाली, "मी यायची तेव्हा येईनच. तुम्ही तिथे भांडू नका."

भंवरकुआँला बस सुटण्याआधी पोहे खाल्ले. वाफेवरचे इंदुरी पोहे, वर शेव, जिरावन मसाला आणि बाजूला जिलेबी. आमच्या घरी कांदेपोहे फोडणीचे होतात, आणि दोन्हींना एकच नाव देणे ही शुद्ध फसवणूक आहे. तरी दोन प्लेट खाल्ल्या, कारण तुलना एका प्लेटीवर होत नाही.

तेजाजीनगरच्या पुढे रस्त्याचे काम चालले होते. कंडक्टरने सिमरोल पुकारले तेव्हा मी उतरलो नाही, कारण माझ्या माहितीतला थांबा चिंचेपाशी होता.

"बाउजी, निकल गया सिमरोल," तो पुढे गेल्यावर म्हणाला.

"सिमरोल चिंचेपाशी आहे. मी इथे जरीब ओढली आहे," मी म्हणालो. जरीब म्हणजे मोजणीची साखळी.

"इमली तो कब की कट गई. अब पैदल नापते जाओ, बाउजी!"

सारी बस हसली. मी मैलभर मागे चालत आलो. थांबा सरकला होता. मी चुकलो नव्हतो.

रेवाची घरमालकीण धापूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. साठीच्या, उंच, नाकात जाड चांदी. माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाल्या, "आओ बा साब. थें बी मच्छी देखवा आया?"

'बी' या शब्दावर मी थबकलो. म्हणजे यापूर्वी कोणीतरी पाहायला आले होते. मी मनात नोंद केली.

अष्टमी, दुपार: खोली

रेवाने दार उघडताच मला दिसला तो एक निळसर दिवा. त्याखाली काचेच्या सहा बरण्या, आणि प्रत्येकीच्या तळाशी नखाएवढे तपकिरी फूल, हलत्या पाकळ्यांचे. त्या पाकळ्या म्हणजे त्याचे हात. शेजारच्या सहा बरण्यांवर काळे कापड.

"हे प्राणी आहेत याला पुरावा काय?" मी विचारले.

"बोट घालू नका फक्त, आजोबा. डंख मारतात, हलकासा."

मी बोट घातले. मुंगी चावल्याइतके झाले, त्याहून कमी. औषधांच्या दुकानातल्या वृत्तांताचा उगम एवढाच.

मग तिने सूक्ष्मदर्शकाखाली एका हाताचा कण ठेवला. पारदर्शक कातडीच्या आत सोनेरी-तपकिरी गोळ्या खचाखच भरलेल्या होत्या, राजगिऱ्याच्या दाण्यांसारख्या गोल, एकसारख्या. मी बराच वेळ डोळा काढला नाही. सुंदर दिसणाऱ्या गोष्टीवर माझा अधिकच अविश्वास असतो.

"हे शेवाळ. तपकिरी रंग यांचाच," रेवा म्हणाली. "सिंपल आहे आजोबा. फूल म्हणजे मकानमालिक, शेवाळ किरायेदार. उजेड पडला की हे साखर बनवतात आणि बहुतेक सगळी मालकालाच देऊन टाकतात."

"सगळी? कशासाठी? मी माळव्यात पिकाच्या वाट्यावर कसणारा असा एकही बटाईदार पाहिला नाही."

"बदल्यात राहायला जागा. आणि मालकाचा श्वास, मालकाची घाण, त्यातून यांना लागतं ते मिळतं."

"आणि बटाईदार वाढले तर? मालकाला बाहेर काढतील."

ती हसली. "म्हणून तर मालक नायट्रोजन तौलूनच देतो. तेवढ्यात यांना नवी पिल्लावळ काढता येत नाही. उजेड आहे, साखर बनते, पण वाढता येत नाही. मग जास्तीची साखर मालकाला."

"म्हणजे अर्धपोटी ठेवून राबवून घेतो."

"अरे यार, आजोबा! याला सहजीवन म्हणतात."

शब्द चांगला आहे. पण मी सहजीवनाची पुष्कळ कागदपत्रे पाहिली आहेत, आणि प्रत्येकात कोणीतरी बांध थोडासा सरकवलेला असतो. समोरच्या घरचा वृत्तांत इथेच निकालात निघतो: केवळ उजेडावर कोणी जगत नाही. उजेडावर शेवाळ जगते, शेवाळावर फूल जगते, आणि फुलाच्या उष्ट्यावर पुन्हा शेवाळ.

मग तिने मला अडचण दाखवली. उजेडातल्या फुलांचा रंग हवा त्याहून गडद झाला होता. याचा अर्थ बटाईदार वाढले होते. त्यांना कोठून तरी जास्तीचे खत मिळत होते. आणि अंधारातली फुले, ज्यांचे कूळ काळोखात काही पिकवू शकत नाही, तीही गुटगुटीत होती. म्हणजे कोणीतरी त्यांना भरवत होते.

"तू कोणाकोणाला विचारलेस?"

"कोणाला विचारू? दिवसा इथे कोणी नसतं. दाराला कुलूप. चाबी माझ्याकडे आणि धापूबाईंकडे."

मी तिच्याकडे पाहिले. तिला त्या वाक्याचा अर्थ कळला नव्हता. मला कळला होता.

नवमी: बरणी क्रमांक नऊ

रेवा प्रयोगशाळेत गेल्यावर मी बारा बरण्यांची जागेवर पाहणी केली. नवव्या बरणीच्या तळाशी भिंगातून एक पांढरा दाणा दिसला, फुटलेला, मऊ पडलेला. मी तो चिमट्याने कागदावर घेतला. ज्वारीच्या लाहीचा तुकडा, असे माझे मत झाले. ओट्यावर धापूबाईंच्या सुपात ज्वारी होतीच.

मी सारी सकाळ खिडकीशी बसून त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी म्हैस धुतली, गोवऱ्या रचल्या, भाच्याला फोनवर शिव्या दिल्या आणि दोनदा खिडकीकडे पाहून हसल्या. दुपारी त्या ताट घेऊन आल्या: तुपात बुडवलेले बाफले, वरण, लसणाची चटणी. बाफला म्हणजे उकडून मग भाजलेला कणकेचा गोळा. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' म्हणतात आणि तो 'नको' म्हणतो; माळव्यात 'नको' हा शब्द जेवण सुरू झाल्याची खूण समजतात. चौथ्या बाफल्याला मी शंका बोलून दाखवली.

"बाई, पाहुण्याला तुम्ही उपाशी ठेवत नाही. मग या बरण्यांतल्या जीवांना कसे ठेवाल?"

त्यांनी वाढता हात थांबवला. "कंई मतलब?"

मी दाण्याचा कागद पुढे केला. त्यांनी तो नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिले आणि इतक्या मोठ्याने हसल्या की म्हैस वळली.

"यो ज्वार हे? चालीस बरस जमीन नापी ने दाणो नी ओळखो? बा साब, खारो पाणी तो म्हारी भैंस बी नी पिये. म्हूँ कायको हाथ लगऊँ?"

दाणा कशाचा हे त्यांनी सांगितले नाही. अपराधी माणूस विषय हसण्यावारी नेतो, असा माझा अनुभव. मी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि संध्याकाळी बाळासाहेबांना फोनवर सांगितले की चोर घरमालकीण आहे. ही माझी चूक. तिसरा वृत्तांत या फोनातून जन्माला आला.

दशमी: दोन पंचांगे

रेवाची नोंदवही नीटनेटकी होती. पाणी गढूळ झालेल्या दिवसांवर तिने लाल खूण केली होती. कधी मंगळवार, कधी शनिवार, कधी महिन्याचा आरंभ, कधी अखेर. वीज गेल्याचे दिवस तिने ताडून पाहिले होते, पाणी बदलल्याचेही. कशाचाच मेळ बसत नव्हता.

"तारखांत मेळ नाही," मी म्हणालो. "तिथी पाहिल्यास?"

"तिथी? त्याचा काय संबंध?"

धापूबाईंच्या ओसरीत खताच्या दुकानाचे कॅलेंडर टांगलेले होते, तिथ्यांसह. मी वही घेऊन तिथे गेलो आणि एकेक लाल खूण ताडली. पहिली द्वादशी. दुसरी द्वादशी. तिसरी, चौथी, सगळ्या. म्हणजे घडते ते आदल्या दिवशी, एकादशीला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गढूळ दिसते. रेवाने तोंडावर हात ठेवला. मान्य करतो, मला फार बरे वाटले.

"धापूबाई," मी सर्वांसमक्ष म्हणालो, "तुम्ही एकादशी करता?"

"ग्यारस? करूँ. क्यूँ?"

"उपवासाच्या दिवशी तुम्ही या खोलीत जाता. चावी तुमच्याकडे असते."

या वेळी त्या हसल्या नाहीत. हातातले सूप त्यांनी जमिनीवर ठेवले.

"बा साब, ग्यारस के दन म्हूँ सवेरे की बस से ओंकारेश्वर जऊँ. बीस बरस हुई ग्या. साँझे पाछी आऊँ. सगळो गाम जाणे." मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हारे पे सक करो तो करो. पण यो तो पूछो के ग्यारस के दन चाबी म्हूँ कणी के दई ने जऊँ."

रेवाने माझ्याकडे पाहिले. मी कॅलेंडरकडे.

एकादशीला आमच्या घरी दोन वेळचा स्वयंपाक नसतो. त्या मोकळ्या दिवशी सुमती सिमरोलला जाते, नातीसाठी फराळाचा डबा ठेवते आणि चारच्या बसने परत येते. हे मला पक्के ठाऊक होते. गेले सहा महिने ठाऊक होते. पण त्या दिवशी चावी तिच्यासाठीच ठेवली जाते हे मी जोडले नाही, कारण संशयितांच्या यादीत मी घरचे माणूस धरले नव्हते. दुसऱ्यांच्या बांधावर मी प्रथम घरातल्यांचीच जबानी घेत असे.

मी खिशातला कागद काढून पुन्हा भिंग लावले. राजगिऱ्याची लाही होती.

एकादशी

रेवाने त्या दिवशी घरी थांबायचे नाकारले. "मी आजीला असं पकडणार नाही," म्हणून ती बाहेरून कुलूप लावून प्रयोगशाळेत गेली. मी आत दाराआडच्या खाटेवर बसलो. मनात एक आशा होती की कोणी दुसरेच येईल.

साडेअकराला कुलूप उघडले. सुमती आली, पिशवी ठेवली, पाय धुतले. मग थर्मास आणि चमचा घेऊन बरण्यांकडे गेली, काळे कापड एका बाजूने उचलले आणि हळू आवाजात म्हणाली, "आज उशीर झाला रे बाळांनो, बसच मिळेना."

"सुमती, चमचा खाली ठेव."

ती दचकली नाही. पन्नास वर्षांत मी तिला कधी दचकवू शकलो नाही.

"अगोबाई, तुम्ही इथेच होय! मग चहा तरी टाकून ठेवायचा."

"काय घालते आहेस?"

"दूध. दोन दोन थेंब. कधी लाहीची चिमूट."

"त्यांना काही खायला घालायचे नाही, असे रेवाने तुला बजावले होते."

"खायला कुठे घालते? मला कळत नाही का, त्यांचा उपास आहे ते. म्हणून तर दूध आणि राजगिरा. भाताचं शीत घातलं असतं तर उपास मोडला असता. सहा महिने निरंकार उपास घडवायचा म्हणजे काय! आपण तरी एकादशीला फराळ करतोच की नाही?"

तिच्या म्हणण्यात तर्काचा एकही दोष नव्हता. आमच्या घरी उपवासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, भगर, दाण्याची आमटी आणि वर शिकरण होते आणि त्याला आम्ही उपाशी राहणे म्हणतो.

"निदान मला विचारायचे होतेस."

"विचारलं होतं."

"केव्हा?"

"अगदी पहिल्या एकादशीला. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हटलं, रेवाच्या जीवांना उपास आहे, दूध चालेल ना? तर तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, 'उपवासास दूध चालते हे सर्वमान्य आहे. असले प्रश्न विचारून माझा वेळ घेऊ नये.'"

असे बोलल्याचे मला आठवत नाही. भाषा मात्र माझी होती.

संध्याकाळी रेवा आली तेव्हा चारची बस सोडून थांबलेल्या सुमतीने स्वतःच सगळे सांगितले. रेवा आधी हसली आणि मग एकदम तिचे डोळे भरून आले.

"आजी, मॅडमना वाटलं मी आकडे बनवले."

सुमतीचा चेहरा पडला. "माझ्या दोन थेंबांनी? तुला खोटी म्हणाले, ते माझ्यामुळे?" ती बरण्यांपासून उठून दूर जाऊन बसली, आपली सावलीही त्यांच्यावर पडू नये अशी.

मी म्हणालो, "मॅडमना कळवू की बाहेरच्या व्यक्तीने हस्तक्षेप केला. नाव घालण्याचे कारण नाही."

"बाहेरची कोण, आजोबा?" रेवाने विचारले.

त्याच वेळी धापूबाई ओंकारेश्वराहून परतल्या. त्यांनी दारातूनच हात लांब करून रेवाला प्रसाद दिला, सुमतीला दिला. माझ्यापाशी हात क्षणभर थांबला, मग मलाही दिला. उंबऱ्याच्या आत त्या आल्या नाहीत. पहिल्या दिवसापासून त्या आत-बाहेर मोकळेपणी करत होत्या.

द्वादशी: नोंद

मॅडमचे उत्तर चार दिवसांनी आले, ते आधीच सांगून टाकतो. खोलीवरचा प्रयोग नव्या फुलांवर पुन्हा करावा लागेल. तीन महिने जातील. मात्र रेवाच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका उरलेली नाही; नोंद तिथीनिशी असल्यामुळे लाल खुणांचा उलगडा झाला. दूध प्यालेली बारा फुले टाकू नयेत, वेगळी ठेवावीत, असेही त्यांनी लिहिले.

ती नोंद मी द्वादशीला सकाळी लिहिली. आमच्या खात्यात स्थळपाहणीचा पंचनामा करताना दोन पंचांच्या सह्या लागत. मी वहीचे कोरे पान घेतले आणि ओट्यावर बसून शाईने लिहिले:

"प्रत्येक एकादशीस दुपारी सौ. सुमती यांनी बाराही बरण्यांत दुधाचे थेंब व क्वचित राजगिऱ्याची लाही घातली. त्यासाठी काळे कापड उचलले. उपवासास फराळ चालतो या समजुतीने हे घडले. त्यास त्यांच्या पतीने, म्हणजे मी, न ऐकता परवानगी दिली होती. रेवाला याची माहिती नव्हती. घरमालकीण धापूबाई यांचा काहीही संबंध नाही. त्यांच्यावर मी घेतलेला संशय निराधार होता आणि तो मी इतरांसही सांगितला."

परवानगीचे वाक्य मी सुमतीच्या सांगण्यावरून घातले. आयुष्यात दुसऱ्याचा एवढा एक वृत्तांत मी पडताळणी न करता स्वीकारला.

पहिली सही सुमतीने केली. दुसऱ्या पंच म्हणून मी धापूबाईंना बोलावले. त्यांनी पदराला हात पुसले, पण पेन घेतले नाही.

"पेलाँ वाँची ने सुणाओ."

मी वाचले, मराठीतून, आणि प्रत्येक वाक्यानंतर हिंदीतून. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटापर्यंत पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दोघेतिघे कुंपणाशी येऊन उभे राहिले होते.

"म्हारा नाम वाली लेण," धापूबाई म्हणाल्या, "एक बार फेर वाँचो. जोर से."

मी उभा राहिलो आणि त्यांच्या नावाची ओळ मोठ्याने वाचली. मग त्यांनी पेन घेतले.